साकामिची नो अपोलोन (किड्स ऑन द स्लोप): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

ही जपानी अ‍ॅनिमे (रेखाटलेल्या चलत्‌चित्रांची) मालिका, ‘जोसेई’ म्हणजे प्रौढ स्त्रियांसाठीच्या गटात मोडणारी. १९६६ चा उन्हाळा, जपानच्या क्यूशू बेटावरचं सासेबो हे बंदराचं गाव. काओरू निशिमी हा योकोसुकाहून आलेला, काकांच्या घरी राहणारा, शिस्तीत पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला मुलगा. वडील जहाजावर, सतत शाळा बदललेली, आणि नव्या वर्गात चारचौघांच्या नजरा अंगावर आल्या की त्याला मळमळायला लागतं. तिथे त्याला भेटतो सेन्तारो कावाबुची, मारामाऱ्यांसाठी बदनाम असलेला धिप्पाड मुलगा. तो ड्रम वाजवतो, आणि वाजवतो फक्त जॅझ. वर्गप्रमुख रित्सुको मुकाए ही सेन्तारोची बालमैत्रीण. तिच्या वडिलांचं रेकॉर्डचं दुकान आहे आणि दुकानाच्या तळघरात पियानो, ड्रम आणि डबल बास (खर्जातलं मोठं तारवाद्य) मांडलेले आहेत.

त्या तळघरात जे जुळतं आणि जे तुटतं, ते म्हणजे ही मालिका. प्रेमकथा आहेच, पण इथली माणसं मनातलं तोंडाने फार कमी बोलतात. माफी, असूया, कबुली, निरोप हे सगळं वाजवण्यातून येतं. म्हणून वादनाचे प्रसंग पुढे ढकलत कथा तेवढी बघितली, तर निम्मे संवाद वगळल्यासारखं होतं. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा सल्ला हाच.

नायक शाळकरी मुलगा आहे. मग ही प्रौढ स्त्रियांसाठीची मालिका कशी?

‘जोसेई’ हा शिक्का पात्रांचं वय बघून लागत नाही. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) कोणत्या मासिकात, कोणत्या वाचकांसाठी छापला गेला, त्यावरून ठरतं. युकी कोदामा यांचा हा मांगा शोगाकुकान प्रकाशनाच्या ‘फ्लॉवर्स’ मासिकात २००७ पासून २०१२ पर्यंत आला. शाळकरी मुलींच्या मासिकांतून पुढे सरकलेल्या, वयाने मोठ्या वाचक स्त्रिया हा त्या मासिकाचा वाचकवर्ग. ‘कोनो मांगा गा सुगोई’ या वार्षिक निवडीत २००९ च्या अंकात स्त्री-वाचकांच्या यादीत हा मांगा पहिला होता, आणि २०१२ मध्ये त्याला शोगाकुकान मांगा पुरस्काराचा सर्वसाधारण विभागातला मान मिळाला.

मालिका दाखवली गेली ती फुजी टीव्हीच्या ‘नोइतामिना’ या रात्री उशिराच्या वेळेत. हा पट्टा २००५ मध्ये सुरू झाला तोच नेहमीच्या अ‍ॅनिमे-प्रेक्षकांच्या पलीकडे, विशेषतः तरुण नोकरदार स्त्रियांपर्यंत पोचायचं म्हणून.

शिक्के बाजूला ठेवले तरी फरक जाणवतो. किशोरींसाठीच्या प्रेमकथेत बहुतेकदा ‘त्याने हो म्हटलं’ इथे गोष्ट पोचते. इथे प्रश्न वेगळे आहेत: ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं दुसऱ्यावर आहे हे कळल्यावर त्याच्याशी मैत्री कशी टिकवायची, घर सोडून कुणाच्या मागे जावं का, आणि काही माणसं आयुष्यातून निघून गेली तर त्यांची वाट किती बघायची. शाळा संपून बरीच वर्षं झालेल्या माणसाला हे जास्त भिडतं.

इतकी चांगली आहे, तर फारशी चर्चेत का नाही?

नावं तर मोठी आहेत. दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे आणि संगीतकार योको कान्नो ही ‘काउबॉय बीबॉप’ या गाजलेल्या अंतराळातल्या अ‍ॅनिमेची जोडी इथे पुन्हा एकत्र आली. मासाओ मारुयामा यांनी २०११ मध्ये काढलेल्या माप्पा स्टुडिओची ही पहिली टीव्ही मालिका, तेझुका प्रॉडक्शन्सबरोबर केलेली. आज माप्पाचं नाव घेतलं की लोकांना मारधाडीच्या गाजलेल्या मालिका आठवतात, ही नाही.

अडचण अशी की ‘बीबॉप’च्या ओढीने आलेल्यांना अंतराळ आणि बंदुका हव्या होत्या, त्यांना शाळकरी प्रेम मिळालं. प्रेमकथा शोधणाऱ्यांना पोस्टरवर दोन मुलगे आणि ड्रम दिसले. शिवाय बारा भागांत गोष्ट पूर्ण होते. दुसरा हंगाम नाही, त्यामुळे दर वर्षी नव्याने चर्चा होण्याचं निमित्तही नाही. दर्जाचा यात काही संबंध नाही.

किती भाग आहेत आणि कसे बघावेत?

१२ भाग, एप्रिल ते जून २०१२ मध्ये प्रसारित. प्रत्येक भाग साधारण २३ मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून साडेचार तासांच्या आसपास. एका बैठकीत संपवता येते, पण संपवू नका. दिवसाला दोन किंवा तीन भाग हा बेत चांगला. पहिले तीन सलग, कारण माणसं आणि त्यांची नाती तिसऱ्या भागाअखेर जागेवर बसतात. सहावा आणि सातवा एकाच बैठकीत, कारण सहाव्यात जी फूट पडते तिचं उत्तर सातव्यात आहे. अकरावा आणि बारावा यांत मात्र एका रात्रीचं अंतर ठेवा. बाराव्यात काळ बराच पुढे उडी मारतो आणि अकराव्याचा धक्का मुरायला वेळ लागतो.

तीन तांत्रिक गोष्टी सांभाळा.

वेग नेहमीचाच ठेवा. दीडपट वेगाने बघायची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते. गाण्याची लय बदलते आणि ‘काओरूला आधी जमत नव्हतं, आता जमतंय’ हा फरकच ऐकू येत नाही.

हेडफोन वापरा. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. फोनचे आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर इतका खालचा आवाज देऊच शकत नाहीत. परिणामी रित्सुकोचे वडील वाजवताना दिसतात, पण त्यांचा बास जवळजवळ नाहीसा होतो आणि पियानो-ड्रम अधांतरी वाटतात.

सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं पहिल्या वेळी तरी वगळू नका. सुरुवातीचं युकी या गायिकेने गायलंय (लेखिका युकी कोदामा वेगळ्या), चाल कान्नोंची. शेवटचं ‘अल्टेअर’ मोतोहिरो हाता यांचं.

शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. काही ठिकाणी जपानी नावाने नोंद असते, काही ठिकाणी इंग्रजी. हक्क देशागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांना जे दिसतं ते भारतात दिसेलच असं नाही.

सबटायटल्स की इंग्रजी डब?

मूळ जपानी आवाज, सबटायटल्ससह. कारण बोली. सेन्तारो आणि रित्सुको सासेबोकडची बोली बोलतात. वाक्याच्या शेवटी ‘बाय’, ‘ताय’, कारण सांगताना ‘केन’, प्रश्न विचारताना नुसतं ‘तो?’. काओरू प्रमाण जपानी बोलतो. मालवणी बोलणाऱ्या वर्गात पुण्याहून आलेला मुलगा ‘मला असं वाटतं की’ करत बोलायला लागला तर त्याच्याकडे जसं बघतील, तसंच काओरूकडे बघतात. सबटायटल्समध्ये हे उतरत नाही, कानांना मात्र पहिल्याच भागात कळतं.

संबोधनांकडेही लक्ष द्या. सेन्तारो काओरूला ‘बोन’ म्हणतो, म्हणजे श्रीमंताघरचा लाडावलेला पोरगा. सुरुवातीला ती चेष्टा असते. पुढे तेच नाव दुसऱ्या कुणी घेतलं तर चालणार नाही इतकं जवळचं होतं. शेजारचा मोठा मुलगा जुनइची कात्सुरागी याला तो ‘जुन-नी’ म्हणतो, आपल्याकडे जुनदादा म्हणू तसं. पुढे जुनइचीवरून जे दुखतं, ते या ‘नी’मुळे जास्त दुखतं.

जॅझमधलं काहीच कळत नाही. अडेल का?

अडणार नाही. काओरूलाही कळत नसतं, आणि तुम्ही त्याच्याबरोबर शिकता. पण चार गोष्टी आधी माहीत असल्या तर प्रसंग दुप्पट उघडतात.

पहिली, स्विंग. पहिल्या भागात काओरू सगळे सूर बरोबर वाजवतो आणि तरी सेन्तारो त्याला यात स्विंग नाही म्हणून उडवून लावतो. नेमकं काय चुकतं? एका मात्रेत दोन सूर वाजवायचे असले तर शास्त्रीय शिस्तीत दोघांना सारखा वेळ मिळतो, अर्धा-अर्धा. स्विंगमध्ये मात्रेचे तीन भाग धरा. पहिला सूर दोन भाग थांबतो, दुसरा उरलेल्या एका भागात बसतो. लय जसजशी द्रुत होते तसतसा हा फरक कमी होत जातो, म्हणून हे गणिताने वाजवता येत नाही, कानानेच धरावं लागतं. मेट्रोनोमवर वाढलेल्या मुलाची नेमकी इथे पंचाईत होते. दुसऱ्या भागात पुन्हा ऐका, काओरूचा डावा हात सैल झालेला कळेल.

दुसरी, टाळी कुठे द्यायची. चार मात्रांत जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सेन्तारोचा डावा पाय बघा, हाय-हॅटच्या दोन झांजा तिथेच मिटतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी दिली की सगळं जड होतं.

तिसरी, सवाल-जवाब. मालिकेचं मुख्य गाणं ‘मोनिन’ हे पियानोवादक बॉबी टिमन्स यांनी रचलं आणि आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ मेसेंजर्सनी १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. त्याची सुरुवातच सवाल-जवाबाची आहे: पियानो एक ओळ म्हणतो, बाकीचे चर्चमधल्या ‘आमेन’सारख्या दोन ठोक्यांनी उत्तर देतात. रचना ३२ मापांची (एक माप म्हणजे इथे चार मात्रांचा गट), आठ-आठच्या चार तुकड्यांत. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा सारखा, तिसरा वेगळा. तळघरात हे गाणं दोघंच वाजवतात तेव्हा जवाब देण्याचं काम ड्रमवर येतं. म्हणजे काओरूने हाक मारायची आणि सेन्तारोने ओ द्यायची. बारा भागांत हे गाणं जेव्हा जेव्हा येतं, तेव्हा कोण आधी सुरुवात करतो आणि दुसरा किती वेळाने येतो एवढंच बघा. दोघांचं त्या क्षणी कसं चाललंय ते त्यात असतं.

चौथी, उपज. मूळ चाल एकदा वाजवून झाली की त्याच मापांच्या चौकटीत प्रत्येक जण आपापलं रचतो. ऐकताना ‘चाल हरवली’ असं वाटतं, पण ती हरवलेली नसते. मनातल्या मनात मूळ चाल गुणगुणत राहा, ती जिथे संपेल तिथेच वादकाची फेरीही संपेल.

भागांची नावं गाण्यांवरून आहेत का? आधी कोणती ऐकावीत?

हो, बाराही नावं जॅझच्या प्रसिद्ध रचनांची आहेत, ‘मोनिन’पासून ‘ऑल ब्लूज’पर्यंत. सगळी ऐकायची गरज नाही. पाच पुरेत: आर्ट ब्लेकींचं ‘मोनिन’, बिल एव्हान्स यांनी वाजवलेलं ‘समडे माय प्रिन्स विल कम’, चेट बेकर यांनी गायलेलं ‘बट नॉट फॉर मी’, जॉन कोल्ट्रेन यांचं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ आणि माइल्स डेव्हिस यांचं ‘ऑल ब्लूज’. शेवटचं मालिका संपल्यावर ऐका.

‘बट नॉट फॉर मी’ चौथ्या भागात येतं आणि ते नुसतं सुंदर गाणं म्हणून येत नाही. अमेरिकन गिऱ्हाइकांच्या बारमध्ये ही मंडळी वाजवत असताना एक झिंगलेला गोरा उठतो आणि काळ्यांचं संगीत बंद करा, गोऱ्यांचं वाजवा म्हणून ओरडतो. सेन्तारोचा बाप अमेरिकन, त्याचे केस त्यामुळेच भुरे, आणि त्यावरून तो जन्मभर बोलणी खात आलेला. तो उठून निघून जातो. मग जुनइची ट्रम्पेट खाली ठेवून चेट बेकरच्या हळुवार ढंगात गायला लागतो, आणि सगळा बार गप्प होतो. मालिकेतली एक प्रेमकथाही तिथेच कलाटणी घेते, कारण ऐकणाऱ्यांत युरिका, सेन्तारोला आवडणारी मुलगी, असते.

मालिकेतल्या वादनाचे स्वतंत्र अल्बमही निघालेत. पहिला अल्बम पुरेसा आहे.

वाजवताना बोटं खरोखर बरोबर पडतात असं वाटतं. ते कसं केलं?

बरोबर पडतात, कारण ती खऱ्या वादकांची आहेत. काओरूचा पियानो ताकाशी मात्सुनागा यांनी वाजवलाय आणि सेन्तारोचे ड्रम शुन इशिवाका यांनी. इशिवाका तेव्हा विशीच्या आत होते, आज जपानच्या आघाडीच्या ड्रमवादकांत त्यांचं नाव आहे. वादन आधी झालं. ते चालू असताना चहूबाजूंनी कॅमेरे लावून चित्रण केलं, आणि त्या चित्रणावरून अ‍ॅनिमेटरांनी एकेक हालचाल रेखाटली.

बहुतेक संगीतविषयक अ‍ॅनिमेत काय होतं ते आठवा: हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, चेहऱ्याचा क्लोजअप, वाऱ्यावर उडणारे केस, एकच हालचाल फिरवून फिरवून. कारण साधं आहे. वादन रेखाटणं हे अ‍ॅनिमेशनमधलं सर्वांत किचकट काम. ड्रमवर दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या गोष्टी करत असतात, आणि काठी पडण्याचा क्षण आवाजापासून जरा जरी सरकला तरी डोळ्याला खोटं वाटतं.

सातव्या भागातला शाळेच्या उत्सवाचा प्रसंग यासाठी दोनदा बघा. रॉक बँडचा कार्यक्रम चालू असताना वीज जाते, इलेक्ट्रिक गिटारी मुक्या होतात आणि मुलं उठून जायला लागतात. विजेवाचून वाजू शकणारं पियानो आणि ड्रम एवढंच उरतं. काओरू एकटा ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ सुरू करतो, सेन्तारो येऊन मिळतो, तिथून ‘समडे माय प्रिन्स विल कम’ आणि मग ‘मोनिन’. पहिल्या दोन मूळ चाली तीन मात्रांच्या, तिसरी चारच्या. त्या सांध्यावर कान ठेवा. भांडून अबोला धरलेले दोन मित्र एकमेकांकडे बघून नुसते हसतात आणि शाळाभरातली मुलं पायऱ्यांवरून धावत सभागृहाकडे येतात. एकही समजुतीचं वाक्य नाही. दुसऱ्यांदा बघताना चेहरे सोडून फक्त सेन्तारोचे मनगट आणि काठीची टोकं बघा: जोराच्या ठोक्यानंतर काठी हातात घट्ट धरलेली नसते, ती उसळून परत येते आणि तो तिला वाट करून देतो. हे कल्पनेने रेखाटता येत नाही.

कोणाचं प्रेम कोणावर आहे? गोंधळ उडतो.

एका साखळीत लावा. काओरूचं रित्सुकोवर, रित्सुकोचं सेन्तारोवर, सेन्तारोचं युरिका फुकाहोरीवर, युरिकाचं जुनइचीवर. सुरुवातीला कुणाचंही दोन्ही बाजूंनी नाही. पुढे यातल्या काही कड्या वळतात. कोणत्या, ते इथे सांगत नाही.

साखळी असूनही यात खलनायक कुणी नाही, ही लेखिकेची कमाई. युरिका सेन्तारोला झुलवत नाही, तिला कळतच नाही. रित्सुको काओरूला नकार देते तेव्हा तिचाही जीव तुटतो, कारण नकार म्हणजे काय हे ती त्याच वेळी स्वतः भोगत असते.

काओरू रित्सुकोशी एके ठिकाणी जबरदस्ती करतो ते खटकलं.

खटकायलाच हवं. सुरुवातीच्या भागांत तो तिला न विचारता चुंबन घेतो आणि ती रडते. मालिका त्याला गोड मानून पुढे जात नाही. तिचं दुरावणं, त्याची शरम, दोघांमधला अवघडलेपणा हे पुढचे काही भाग चालू राहतं. जुनइचीनेही एकदा युरिकाला दूर लोटण्यासाठी मुद्दाम घाबरवलेलं आहे, तो प्रसंग बघायला त्रासदायक आहे. जोसेई कथांत पुरुषांची अशी वागणूक झाकून ठेवत नाहीत. पण ज्यांना हे नको असेल त्यांना आधी माहीत असलेलं बरं.

काओरू आणि सेन्तारो यांच्यात मैत्रीच आहे की आणखी काही?

मालिका त्याला मैत्री म्हणते, आणि ती या गोष्टीतली सर्वांत खोल प्रेमकथा आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी मानून बघितलं तर काही बिघडत नाही. मात्र ‘बॉईज लव्ह’, म्हणजे मुलामुलांमधली प्रेमकथा, म्हणून शोधत आलात तर निराशा होईल. दोघांचं मुलींवरचं प्रेम देखाव्यापुरतं नाही.

१९६६ आणि सासेबो याचा एवढा काय संबंध?

गोष्ट दुसरीकडे उचलून ठेवली तर उभीच राहणार नाही, इतका. सासेबो १८८९ पासून जपानी आरमाराचा तळ होता. युद्धानंतर तिथे अमेरिकन नौदल आलं आणि आजही आहे. तळ म्हणजे खलाशी, खलाशी म्हणजे बार, बार म्हणजे जॅझ. सेन्तारोसारखी मुलंही त्याच इतिहासातून आली, आणि गावाने त्यांना कसं वागवलं हे मालिका लपवत नाही.

जपानमध्ये जॅझची लाट मोठी होती. आर्ट ब्लेकी आणि त्यांचे साथीदार १९६१ च्या जानेवारीत जपानला आले तेव्हा त्यांच्या नावाचा बोलबाला झाला. आयात रेकॉर्ड महाग असत, म्हणून लोक जॅझ किस्सात, म्हणजे एका कॉफीच्या बदल्यात तासन्‌तास रेकॉर्ड ऐकवणाऱ्या हॉटेलांत जाऊन बसत. मुकाएंचं दुकान त्या गावातल्या पोरांसाठी काय असेल ते यावरून समजावं. बंदरातून जॅझ शिरणं मुंबईलाही नवं नाही. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत होते, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो बाज ऐकू येतो.

राजकारणही कडेने चालू आहे. १९६८ च्या जानेवारीत ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवरची अमेरिकन विमानवाहू नौका सासेबोत आली तेव्हा विद्यार्थ्यांची पोलिसांशी मोठी चकमक झाली. जुनइची टोकियोत विद्यापीठात शिकत असताना विद्यार्थी चळवळीत ओढला गेलेला आहे. तो गावी परततो तेव्हा इतका विझलेला का असतो, याचं उत्तर तिथे आहे. मालिका हे थोडक्यात उरकते, त्यामुळे हा संदर्भ माहीत नसला तर त्याचं वागणं अधांतरी वाटतं.

आणि चर्च. सेन्तारोच्या गळ्यात जपमाळ असते, तो कॅथलिक आहे. नागासाकी परिसरात १६१४ च्या देशव्यापी बंदीनंतर ख्रिश्चनांनी १८७३ पर्यंत धर्म लपवून टिकवला. त्या खुणांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात सासेबोच्या हद्दीतलं कुरोशिमा बेटही आहे. शेवटच्या भागातलं सेन्तारोचं रूप अचानक वाटू नये म्हणून पहिल्या भागांतली ही जपमाळ नजरेआड करू नका.

शेवट घाईघाईत का वाटतो?

कारण तो आहेच घाईत. नऊ खंडांचा मांगा बारा भागांत बसवलाय, म्हणजे दर भागाला सुमारे पाऊण खंड. पहिलं वर्ष निवांत सरकतं, नंतर वेग वाढतो. सर्वांत जास्त झळ बसली ती शाळा संपल्यानंतरच्या काळाला: मधली वर्षं एका झेपेत ओलांडली जातात. सेइजी मात्सुओका, बीटल्सच्या वाटेने जाऊ पाहणारा गरिबाघरचा मुलगा, याच्याही वाट्याला कमी जागा आली.

मालिकेचा हा खरा दोष आहे. आणखी दोन भाग मिळते तर तिचं स्थान आज वेगळं असतं. तरीही शेवटचा वादनप्रसंग टिकतो, कारण तो पहिल्या भागातल्याच गाण्यावर उभा आहे.

मग मांगा वाचावा का? आणि चित्रपट?

मांगा जरूर, पण मालिकेनंतर. कागदावर जॅझ ऐकू येत नाही. आधी कानात गाणी बसली की पानं वाचताना ती आपोआप वाजतात. नऊ खंड मुख्य कथेचे, त्यानंतर ‘बोनस ट्रॅक’ नावाचा एक पुरवणी खंड, त्यात बाजूच्या पात्रांच्या गोष्टी आहेत. तो आधी उघडू नका, पुढचं कळतं.

ताकाहिरो मिकी यांचा, खऱ्या नटनट्यांना घेऊन केलेला चित्रपट मार्च २०१८ मध्ये आला. युरी चिनेन, ताइशी नाकागावा आणि नाना कोमात्सु मुख्य भूमिकांत. सासेबोतलं चित्रण देखणं आहे, पण तेवढ्या वेळात साखळीतल्या कड्या सैल पडतात. तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

घरातल्या मुलांबरोबर बघता येईल का?

तेरा-चौदा वर्षांच्या पुढे, हो. नग्नता नाही. मारामाऱ्या, दारू, सिगारेटी आहेत, वंशावरून शिवीगाळ आहे, आईने टाकून दिल्याचं दुःख आहे. काओरू आईला भेटायला टोकियोला जातो तो भाग लहान मुलांना जड जाऊ शकतो.

सासेबोला जाऊन ठिकाणं बघता येतात का?

येतात. फुकुओकाच्या हाकाता स्थानकावरून ‘मिदोरी’ एक्स्प्रेस थेट सासेबोला जाते, पावणेदोन ते दोन तास लागतात. जपान रेल्वेच्या जाळ्यातलं हे सर्वांत पश्चिमेचं स्थानक. गाव चढउतारांचंच आहे, त्यामुळे शाळेच्या वाटेवरचा तो दमवणारा चढ लेखिकेला कल्पनेतून काढावा लागला नाही. त्या मूळच्याच सासेबोच्या. चांगले बूट घाला, बस असेल तिथे चढताना बसने जा आणि उतरताना चाला.

कुजूकुशिमाच्या बेटांमधून बोटी फिरवून आणतात. दोनशेच्या वर बेटं आहेत, आणि चौघं मिळून होडीने जातात तो प्रसंग याच पाण्यातला. चष्म्यासारखी दोन भोकं असलेला मेगाने-इवा हा खडकही जवळच. शाळेच्या चढावर गेलात तर रस्त्यावरूनच फोटो काढा. ती चालू शाळा आहे, आत शिरू नये आणि विद्यार्थी फोटोत घेऊ नयेत.

ही आवडली. पुढे काय बघावं?

प्रेमाच्या अशाच एकतर्फी साखळ्या हव्या असतील तर ‘हनी अँड क्लोव्हर’. नोइतामिनाची सुरुवात याच मालिकेने झाली. संगीत आणि प्रेम हवं, पण हसतखेळत, तर ‘नोदामे कांताबिले’. कामाची ओढ आणि प्रेम यांच्यात एक निवडावं लागतं अशी गोष्ट हवी असेल तर ‘पॅराडाईज किस’, तीही बाराच भागांची. आणि कला, मैत्री, असूया यांचा पीळ प्रौढ वयात कसा बसतो ते बघायचं असेल तर ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’. तिचा पहिला भाग इतर भागांपेक्षा लांब आहे, वेळ काढून बसा.

कोदामांचंच वाचायचं असेल तर ‘आओ नो हाना, उत्सुवा नो मोरी’. नागासाकी प्रांतातल्याच हासामी या कुंभारकामाच्या गावातली, कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवणाऱ्या बाईची ही गोष्ट. इथे सगळी पात्रं मोठी, कमावती आहेत, आणि हात कामात असताना माणसं काय बोलतात, काय गिळतात, हे कोदामांनी तिथेही तितक्याच बारकाईने रेखाटलंय.